हाडावरच्या दातखुणा कशा ओळखायच्या

प्रकाशे (तापी-गोमाई संगम, उत्खनन १९५५) किंवा गिरणाकाठचं बहाळ अशा पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडातलं हाड माणसानं फोडलं की कुत्र्या-तरसानं चावलं, याचं उत्तर बहुतेक वेळा 'किरकोळ तुकडे' लिहिलेल्या पिशवीत असतं. म्हणून 2 सेंमीपेक्षा मोठा नळीचा (पायाच्या लांब, पोकळ हाडाचा) एकही तुकडा टाकू नका.

हाड साध्या पाण्यात, मऊ टूथब्रशनं धुवा. काळ्या मातीतल्या हाडावर चुनखडीचं पुट असतं. ते सुरीनं खरवडलं की पडलेले चरेच पुढं 'सुरीचे वार' म्हणून नोंदले जातात. वाळवायचं सावलीत. खानदेशातल्या वैशाखातलं ऊन ओल्या हाडाला तडे पाडतं.

मग 10 पट भिंग घ्या, टॉर्च एका बाजूनं अगदी तिरपा धरा आणि हाड फिरवत राहा. दाताच्या ओरखड्याचा तळ गोलसर असतो. दगडी पात्याची चीर व्हीसारखी खोल जाते, तिच्या आत केसासारख्या समांतर रेषा दिसतात. साळिंदरानं कुरतडलेल्या खाचा रुंद, सपाट तळाच्या, एकीला लागून दुसरी. मुळांच्या खुणांना फांद्या फुटतात. गुरांच्या पायाखाली वाळूनं उमटलेले चरे उथळ आणि वाटेल त्या दिशेनं गेलेले; नवखा हमखास फसतो तो इथंच.

मटणातली नळी आठवा: टोकं जाळीदार, तेलकट, मधला भाग टणक. प्राणी टोकांपासूनच सुरुवात करतो. पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचं खांद्याकडचं टोक तो संपवतो, कोपराकडचं घट्ट टोक मागं राहतं. त्यामुळे खांद्याकडची टोकं सापडली नाहीत म्हणून तो भाग वस्तीवर आलाच नव्हता, असं लिहू नका.

आता मधले तुकडे मोजा. मगज काढायला माणसानं नळी आधी फोडली असेल, तर नंतर आलेल्या प्राण्याला मधल्या तुकड्यांत काही उरत नाही. तिथं दातखुणा थोड्या आणि दगडाच्या माराचे खळगे दिसतात. अख्खी नळी आधी प्राण्याच्या तोंडी गेली असेल, तर मधल्या तुकड्यांवरही दातखुणा भरपूर असतात. टोकं आणि मधले तुकडे एकत्र मोजले की हा फरकच पुसला जातो.

तरसाच्या पोटातून गेलेल्या तुकड्याच्या कडा पातळ, धारदार होतात आणि पृष्ठभागावर बारीक भोकं पडतात. दाताच्या एकट्या खड्ड्यावरून मात्र प्राण्याचं नाव लिहू नका, वेगवेगळ्या प्राण्यांच्या खड्ड्यांची मापं एकमेकांत मिसळतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्वार्टक्रान्स गुहेत सापडलेल्या आदिमानवाच्या कवटीवर बिबट्या ओळखता आला तो दातांच्या दोन भोकांमधलं अंतर त्याच्या सुळ्यांशी जुळलं म्हणून.