"बायकांनी मंडळीत गप्प राहावं" हे वचन वाचायचं कसं?

बायबल स्टडीत हा विषय निघाला की कोणीतरी लगेच १ करिंथ १४:३४ (प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पहिलं पत्र, अध्याय १४, वचन ३४) काढतं, वाचतं आणि पुस्तक मिटतं, झालं! तर पहिलं काम हे, की पुस्तक मिटू द्यायचं नाही.

त्याच पत्राचा ११वा अध्याय काढा. ५व्या वचनात पौल सांगतो की बाईने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना डोकं झाकावं. आता डोकं झाकून गप्पच बसायचं असेल तर हा नियम कशाला? म्हणजे करिंथच्या मंडळीत बायका सगळ्यांसमोर बोलत होत्या, पौलाला ते माहीत होतं आणि तिथे त्याने थांबवलं नाही. मग १४ मध्ये काय झालं? तोच अध्याय २६व्या वचनापासून वाचा, सगळा विषय उपासनेतल्या गोंधळाचा आहे. अन्य भाषेत बोलणाऱ्याला अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहा (२८), एक संदेष्टा बोलत असताना दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्याने गप्प राहा (३०), आणि मग बायकांनी गप्प राहा. ग्रीकमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे पण आपण पहिली दोन विसरतो आणि तिसरं तेवढं पाठ करतो. ३५व्या वचनात घरी नवऱ्याला विचारा असं आहे, त्यामुळे बरेच जण म्हणतात की मुद्दा मध्येच प्रश्न विचारण्याचा असावा. आणखी एक, काही जुन्या हस्तलिखितांत ३४-३५ ही वचनं अध्यायाच्या शेवटी, ४० नंतर येतात, म्हणून काही अभ्यासक ती मागून घातलेली मानतात. मला हे जरा जास्तच सोयीचं वाटतं, पण माहीत असावं.

१ तीमथ्य (पौलाचं आपला सहकारी तीमथ्य याला पहिलं पत्र) २:१२ जास्त अवघड आहे, बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, शांत राहावं असं तिथे आहे, उगाच सोपं करू नका. आधी ११वं वचन बघा, बाईने शिकावं असं तिथे स्पष्ट आहे. "शांतपणे" साठी जो शब्द आहे त्याच घरातला शब्द वर २ऱ्या वचनात सगळ्यांच्या शांत आयुष्यासाठी येतो, म्हणजे तोंडाला कुलूप एवढाच अर्थ नाही. "अधिकार चालवणे" चा शब्द औथेन्तेइन, तो अख्ख्या नव्या करारात एकदाच येतो, त्यामुळे साधा अधिकार की दादागिरी यावर भांडण चालूच आहे. तीमथ्य इफिसात होता आणि तिथे खोटी शिकवण पसरली होती (१:३), म्हणून एक बाजू हा नियम तिथल्यापुरता मानते, पण पुढे १३ मध्ये पौल आदाम-हव्वेवर जातो, म्हणून दुसरी बाजू म्हणते की हा नियम फक्त इफिसपुरता नाही. हा मुद्दा वजनदार आहे, टाळू नका.

मग बायकांची नावं शोधा. त्याच इफिसात प्रिस्किल्ला आणि तिचा नवरा अक्विला यांनी अपुल्लोला, म्हणजे शास्त्रात पक्क्या माणसाला, घरी नेऊन नीट समजावलं (प्रे. कृत्ये १८:२६). करिंथच्या बंदरातली, किंख्रियाची फिबी रोम १६:१ मध्ये आहे, तिच्यासाठी ग्रीक शब्द दियाकोनोस (सेवक, किंवा मंडळीतलं सेवकाचं पद), तुमच्या मराठी प्रतीत तिथे काय छापलंय ते बघा आणि फिलिप्पै १:१ शी, जिथे हाच शब्द मंडळीतल्या पदासाठी येतो, ताडून पाहा. भाषांतर करणारा काय निवडतो यावर बरंच काही ठरतं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू-ग्रीक शिकून सगळं बायबलच मराठीत आणलं!

पहिल्या बैठकीत निकाल लावू नका. नुसते ११ आणि १४ मोठ्याने वाचा, आणि १४वा वाचायला एखाद्या ताईलाच द्या.