स्पर्धा परीक्षेच्या साइटवर वर्गणीच्या मुदतीचे पर्याय देताय? या चुका टाळा

एमपीएससीची राज्यसेवा पूर्वपरीक्षा २५ ऑगस्ट २०२४ला होणार होती. त्याच दिवशी बँकभरतीची आयबीपीएसची परीक्षाही आली, पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि परीक्षा अखेर १ डिसेंबरला झाली. आता एक हिशेब करा. ज्यानं फेब्रुवारीअखेर टेस्ट सिरीजच्या साइटवर सहा महिन्यांची वर्गणी भरली, त्याचं लॉगिन ऑगस्टअखेर बंद. पेपर मात्र तीन महिने लांब!

मुदत ठरवताना होणारी सगळ्यात मोठी चूक हीच. एक, तीन, सहा, बारा महिने हे आकडे आपल्या सोयीचे असतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलाला हवं असतं ‘पेपर होईपर्यंत’. तसा पर्याय सरळ द्या. फक्त परीक्षा लांबली तर कमाल किती दिवस वाढवून देणार, ते पैसे घेण्याआधीच लिहा. नाहीतर ढकलाढकली झाली की फोन सुरू होतात आणि मग जो जास्त भांडतो त्याला मुदतवाढ मिळते.

उलट टोकही वाईट. सात-आठ पर्याय मांडले की माणूस ‘नंतर बघू’ म्हणून पान बंद करतो. माझ्या मते तीन पुरेत.

‘महिना म्हणजे ३० दिवस’ असं सॉफ्टवेअरला सांगितलंत, तर बारा महिन्यांचे ३६० दिवस होतात आणि वर्षाची वर्गणी भरणाऱ्याचे पाच दिवस जातात. कॅलेंडरचा महिना धरलात तर ३१ जानेवारीचा सभासद तपासा: फेब्रुवारीत (लीप वर्ष नसेल तर) २८ तारीख येणारच, पण मार्चमध्ये ती परत ३१ होते का? मूळ तारीख जपून ठेवली नसेल, तर तो कायमचा २८वर अडकतो.

पहाटे साडेपाचला लॉगिन बंद पडल्याच्या तक्रारी येत असतील, तर सर्व्हरचं घड्याळ बघा. ते ग्रीनिच वेळेवर असलं की तिथली मध्यरात्र म्हणजे आपले साडेपाच. अभ्यासाला उठणारी मुलं नेमकी तेव्हाच उठतात. मुदत शेवटच्या दिवशी रात्री ११:५९पर्यंत, भारतीय वेळेनं ठेवा.

मासिकवरून वार्षिकवर जाणाऱ्यांचा घोळ वेगळा. ऑटोपेची, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापण्याची, जुनी परवानगी महिन्याची असते, ती आपोआप वर्षाची होत नाही. नवीन परवानगी घ्यावी लागते आणि जुनी रद्द करावी लागते. जुनी राहून गेली तर पैसे दोनदा कापले जातात. आधी नवीन यशस्वी होऊ द्या, मगच जुनी रद्द करा, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे नव्या रकमेतून वजा करा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. अशी वर्गणी १५,००० रुपयांच्या वर असेल, तर दर वेळी ग्राहकाची ओटीपीसारखी वेगळी मंजुरीही लागते. म्हणजे महागडी वार्षिक वर्गणी ‘आपोआप’ चालू राहील हे विसरा. आठवडाभर आधी स्वतःहून मेसेज करा.

आणि बंद करण्याचं बटण लपवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गणीचा सापळा हा फसव्या प्रकारांत धरला आहे. ज्याचा पेपर झाला, तो जाणारच. नोकरी लागली की धाकट्या भावंडाला तोच तुमची साइट सुचवतो.