आयटी नोकरी मेळाव्याला बायोडेटा नेताना
रत्नागिरी असो वा कुडाळ, मेळाव्यासाठी बायोडेटाच्या १० प्रती पुरतात. फ्रेशर असाल तर एका पानाच्याच. पीडीएफ मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा. सभागृह भरलं की नेटवर्क मान टाकतं आणि ड्राइव्हवरची फाइल उघडता उघडत नाही. फाइलला ‘रिझ्युमे-फायनल-२’ नको, आपलं नाव आणि पद द्या. गिटहबची (प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटची) लिंक दिली असेल तर लॉगआउट करून उघडून बघा. रिपॉझिटरी, म्हणजे तिथलं प्रोजेक्टचं फोल्डर, प्रायव्हेट राहिली असेल तर समोरच्याला नुसता ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’ असा संदेश दिसतो, आणि तो काही परत विचारत बसत नाही. पावसाळ्यात प्रती चेनच्या प्लास्टिक फोल्डरमध्येच ठेवा, इंकजेटची शाई एका सरीत पसरते. ‘पुण्याला याल का?’ हे हमखास विचारतात. तिथे ‘बघू’ नको. कधीपासून येऊ शकता ती तारीख सांगा.