नाकात थेंब टाकताय? या चुका टाळा

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून सर्वांत जास्त गैरवापर कशाचा दिसत असेल, तर नाक मोकळं करणाऱ्या थेंबांचा. लोक गोळ्यांना थोडं तरी घाबरतात. थेंबांना कुणी औषध मानायलाच तयार नसतं.

सर्दीत नाक चोंदतं ते फक्त शेंबडामुळे नाही. नाकाच्या आतल्या अस्तरातल्या रक्तवाहिन्या फुगतात, अस्तर सुजतं आणि हवेची वाट अरुंद होते. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब त्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात. काही मिनिटांत नाक सुटतं आणि बराच वेळ मोकळं राहतं. सर्दी बरी होत नाही, अ‍ॅलर्जीही नाही. तेवढ्या वेळापुरता श्वास मोकळा होतो, इतकंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेंब बंद न करणं. पाच दिवस झाले की थांबा, हे मी प्रत्येकाला सांगतो. त्यापुढे चालू ठेवले की रक्तवाहिन्या औषधाला दाद देईनाशा होतात, आणि असर उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतात. मग नाक बंद म्हणून थेंब, आणि थेंबांमुळे पुन्हा नाक बंद. डॉक्टर याला रायनायटिस मेडिकामेंटोसा म्हणतात.

आमच्याकडे एक रिक्षावाले काका यायचे. एक बाटली उशाशी, एक रिक्षात. "नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशनच करावं लागणार," असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. सर्दी केव्हाच गेली होती, थेंब मात्र महिनोन् महिने सुरू होते. मी बाटली द्यायचं नाकारलं आणि त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे हाडाचा काही दोष निघाला नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा स्प्रे दिला आणि थेंब आधी एका नाकपुडीत बंद करायला लावले. ती सुटल्यावर दुसरीत. पहिल्या काही रात्री काकांनी बसूनच काढल्या. चिडून दुकानात आले, "एकच बाटली द्या" म्हणाले. दिली नाही. शेजारच्या दुकानात सहज मिळाली असती, पण त्यांनी घेतली नाही. काही आठवड्यांत नाक सुटलं, ऑपरेशनविना.

याच घाईपायी लोक स्टेरॉइडचा स्प्रे "दोन दिवस मारला, काही उपयोग नाही" म्हणून टाकून देतात. अ‍ॅलर्जीच्या नाकाला खरा आराम त्यानेच पडतो, पण पूर्ण असर यायला एक-दोन आठवडे जातात आणि तो रोज मारावा लागतो. दोन मिनिटांत नाक उघडलंच पाहिजे, हा हट्ट सोडल्याशिवाय इथे गती नाही.

दुसरी चूक पाहिली की माझा आवाज चढतो: मोठ्यांची बाटली बाळाला. झायलोमेटाझोलीनचे मोठ्यांचे थेंब ०.१ टक्क्याचे, मुलांचे ०.०५ टक्क्याचे. "निम्मेच थेंब टाकू" हा हिशेब तान्ह्या बाळाच्या बाबतीत करू नका. हे औषध लहान मुलाच्या अंगात जास्त गेलं तर गुंगी येते, नाडी आणि श्वास मंदावतो. थेंबांची बाटली मुलानं तोंडाला लावली तर एक-दोन मिलिलिटरही धोक्याचं ठरू शकतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, २०१२ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बाटली फ्रीजवर किंवा टीव्हीशेजारी नको, कुलपात ठेवा. बाळाचं नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब वापरा. दूध ओढता येत नसेल किंवा धाप लागत असेल तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

आता गोळ्या. सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं. ते पोटातून घेतलं तर नाक मोकळं करत नाही, असं एफडीएच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. क्लोरफेनिरामिन हे अ‍ॅलर्जीचं औषध आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असा आदेश भारतातही त्याच वर्षी निघाला. नाक मोकळं करणारं दुसरं औषध, स्यूडोएफेड्रिन, काम करतं, पण झोप उडवतं, छाती धडधडवतं, रक्तदाब वाढवतं. बीपी, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय सर्दीची गोळी घेऊ नका. प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडकते, आणि ती सर्दीच्या गोळीमुळे अडकली हे त्यांच्या ध्यानीमनीही नसतं.

एक बाटली घरभर फिरवू नका.

थेंब टाकण्याआधी नाक हलक्या हाताने शिंकरा.

स्प्रे मधल्या पडद्यावर नको, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या दिशेने मारा. पडद्यावर मारत राहिलात तर नाकातून रक्त येतं.

मी स्वतः बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहितो, आणि महिना झाला की उरलेली टाकून देतो.