फ्रेमला करवत न लावता जुन्या इम्पालात ओव्हरड्राइव्ह

१९६५ ची शेव्हर्ले इम्पाला, २८३ घन इंचांचं व्ही-८ इंजिन आणि त्यामागे पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. म्हणजे गिअर दोनच. पहिला १.८२ चा, म्हणजे मागे जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे १.८२ फेरे, आणि दुसरा सरळ एकास एक. नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून फिरायला ही जोडी छान आहे. पण शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढलात, ११० चा वेग धरलात, की इंजिन मिनिटाला २८५० फेऱ्यांच्या वर फिरतं आणि वर्ध्याचा फाटा येईपर्यंत तसंच फिरत राहतं. गाडीत जीव आहे, इंजिनात ताकद आहे, नाही तो फक्त एक उंच गिअर, म्हणजे ओव्हरड्राइव्ह: त्यात इंजिनाला शाफ्टपेक्षा कमी फेरे घ्यावे लागतात. तो कसा बसवायचा ते इथे सांगतो. आणि हे काम जुन्या गाडीचा एकही मूळ भाग न कापता करता येतं, यावर माझा सगळा भर आहे.

उमरेडच्या खुल्या खाणीत डंपरच्या वर्कशॉपमध्ये माझी सगळी नोकरी झाली. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हेच रोजचं काम होतं. विदर्भाच्या उन्हाळ्यात गिअरबॉक्सचं तेल काय सोसतं ते तिथे जवळून पाहिलं आहे, म्हणून खाली कूलरबद्दल जरा जास्तच लिहिलंय.

आधी हिशेब करा. टायरचा बाहेरचा व्यास मोजा. माझा २७ इंच आहे, म्हणजे चाकाचा एक फेरा साधारण २.१५ मीटरचा. ११० च्या वेगाला चाक मिनिटाला ८५० फेरे घेतं. मागचा डिफरन्शियल ३.३६ चा, त्यामुळे सरळ गिअरमध्ये इंजिन २८६० च्या आसपास. त्याला ओव्हरड्राइव्हच्या ०.६७ ने गुणलं की १९१५. कन्व्हर्टरची घसर यात धरलेली नाही. उलट बाजूही बघा: ताशी ६० ला हाच हिशेब १०४५ वर येतो आणि तेवढ्यात हे इंजिन कण्हायला लागतं. म्हणजे ओव्हरड्राइव्ह महामार्गासाठीच. रिंग रोडवर आणि शहरात गिअरची दांडी एक खाच खालीच ठेवायची.

आता कोणता गिअरबॉक्स. जनरल मोटर्सचे दोन पर्याय लोकांच्या तोंडी असतात. ७००आर४ हा १९८२ पासूनचा, पहिला गिअर ३.०६ आणि चौथा ०.७०. मजबूत आहे, पण पॉवरग्लाइडपेक्षा सुमारे तीन इंच लांब. तो घेतला की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारा) कापून पुन्हा बॅलन्स करून घ्यावा लागतो. दुसरा २००-४आर, १९८१ ते १९९० मधला. गिअर २.७४, १.५७, १.०० आणि ०.६७. याची लांबी पॉवरग्लाइडच्या जवळजवळ बरोबरीची आहे आणि मागचा २७ दात्यांचा योकही (शाफ्टचं गिअरबॉक्सात सरकणारं टोक) तोच चालतो. मूळ शाफ्ट आहे तसाच राहतो, म्हणून मी हाच निवडला. शिवाय याच्या बेलहाउसिंगवर (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं घंटेसारखं तोंड) शेव्हर्लेच्या इंजिनाची आणि ब्युइक-ओल्ड्समोबिल-पॉन्टिअॅक घराण्याची, अशी दोन्ही भोकं असतात, त्यामुळे कुठल्या गाडीतून निघालेला आहे याची फार चिंता नको. नागपुरात हा मिळणार नाही, बाहेरून मागवावा लागेल. मागवताना कन्व्हर्टर, तेलाच्या दांडीची नळी, टीव्ही केबल (थ्रॉटल व्हॉल्व्हची, कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी) आणि तुमच्या कार्ब्युरेटरला बसेल असा केबलचा ब्रॅकेट एकाच खेपेत मागवा. यातलं काहीही मागाहून मागवलंत तर तेवढे दिवस गाडी घोडीवर उभी राहील.

तुमची गाडी १९५८ ते १९६४ मधली असेल तर इथेच थांबा. त्या वर्षांची फ्रेम एक्स आकाराची आहे, गिअरबॉक्स तिच्या पोटातून जातो आणि मागचा आधार हलवणं हे वेगळंच काम होतं. १९६५ पासून फ्रेम बाजूने जाणारी झाली, मधे जागा मिळाली.

कागदपत्रांचंही बघून ठेवा. २०२१ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. गिअरबॉक्सचा उल्लेख त्यात नाही, तरी फ्रेमला वेल्डिंग केलंत की प्रश्न उभा राहू शकतो. व्हिंटेज नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापरात चालत नाही, हेही लक्षात असू द्या. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घेतलेलं बरं.

काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, गाडीच्या पोटाखाली पाठीवर पडून काम करण्यात अर्थ नाही. जमीन काँक्रीटची हवी, चारही घोड्या वजन पेलणाऱ्या हव्यात आणि विटांचा आधार कदापि नको. गिअरबॉक्सचा जॅक हिंगणा एमआयडीसीकडच्या एखाद्या वर्कशॉपमधून भाड्याने मिळाला तर बघा. सोबत एक धडधाकट पोट्टा हवाच. माझा भाचा होता, आणि त्याच्याशिवाय मी हात घातला नसता.

जुना गिअरबॉक्स उतरवणं सरळ आहे: बॅटरी सोडा, तेल काढा, शाफ्ट काढा, कूलरच्या नळ्या, स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या दांडीचा लिंकेज, व्हॅक्यूमची नळी, कन्व्हर्टरचे बोल्ट, मग मागचा आधार. मात्र एक गोष्ट आधीच करा. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर अगदी मागे, फायरवॉलला खेटून आहे. मागचा आधार निघाला की इंजिन मागे झुकतं आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी फायरवॉलवर आपटून फुटते. टोपी आधी काढून ठेवा आणि ऑइल पॅनखाली जाड फळी ठेवून जॅकने इंजिन तोलून धरा. व्हॅक्यूमची जुनी नळी नव्या गिअरबॉक्सला लागत नाही. मॅनिफोल्डकडचं तिचं तोंड नीट बंद करा, नाहीतर इंजिन हवा ओढून फडफडेल.

आता कन्व्हर्टर. यात घाई केली की नवा गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी जातो. कन्व्हर्टरमध्ये थोडं तेल ओता, शाफ्टवर चढवा आणि फिरवत फिरवत आत ढकला. इनपुट शाफ्टचे दाते, स्टेटरचे दाते आणि शेवटी पंपाच्या खाचा, असं टप्प्याटप्प्याने ते आत बसतं आणि प्रत्येक वेळी हाताला खट्ट जाणवतं. शेवटचा खट्ट आला नाही तर कन्व्हर्टर बाहेर राहतं, आणि बेलहाउसिंगचे बोल्ट आवळताच पंप फुटतो. म्हणून नियम हा: बेलहाउसिंग ब्लॉकला हातानेच टेकलं पाहिजे. बोल्टने ओढून कधीही टेकवू नका. ब्लॉकवरच्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत ना तेही पाहा. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने सहज फिरलं पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या मागची पातळ चकती) ३ ते ५ मिलीमीटर मागे असलं पाहिजे. मगच ते पुढे ओढून बोल्ट लावा. फ्लेक्सप्लेटची भोकं तुमच्या कन्व्हर्टरशी जुळतात का, हे जमिनीवरच ताडून घ्या. बेलहाउसिंगचे बोल्ट ३५ फूट-पाउंडांना.

मागचा आधार हा दुसरा मुद्दा. २००-४आर चा माउंट पॉवरग्लाइडच्या माउंटपेक्षा साडेसहा इंचांच्या आसपास मागे येतो. मूळ क्रॉसमेंबर (माउंट पेलणारा फ्रेमचा आडवा तुकडा) तिथे पोचत नाही. फ्रेमला मागे तयार भोकं आहेत का ते पाहा. नसतील तर नवा क्रॉसमेंबर असा बनवून घ्या की तो फ्रेमच्या कडांना पट्ट्यांनी आवळून बसेल. पुठ्ठ्याचा नमुना कापून लेथवाल्याकडे न्या, तोंडी मापं देऊ नका. तो वेल्डिंगच करू म्हणेल, कारण त्याला ते सोपं आहे. ऐकू नका. मूळ क्रॉसमेंबर आणि पॉवरग्लाइड दोन्ही जपून ठेवायचे, तोंडं बंद करून आणि तेल लावून. उद्या गाडी मुलाकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे गेली आणि त्याला ती कारखान्यातून निघाली तशी हवी असली, तर एका पान्याच्या संचाने ती तशी करता आली पाहिजे.

शाफ्ट लावल्यावर, गाडीचं वजन चाकांवर असताना, योक पूर्ण आत ढकलल्याच्या जागेपासून पाऊण ते एक इंच बाहेर हवा. गिअरबॉक्सचा उतार आणि डिफरन्शियलचा उतार एकमेकांना समांतर ठेवा. कोन मोजायला मोबाइलमधलं ॲप पुरतं. फरक राहिला तर ऐंशीच्या पुढे जमिनीतून थरथर येते. माउंटखाली पट्ट्या घालून ती काढता येते.

टीव्ही केबलकडे मात्र पूर्ण लक्ष द्या. ती फक्त किकडाउनची, म्हणजे पाय जोरात दाबल्यावर खालचा गिअर टाकणारी, केबल आहे असं बऱ्याच मिस्त्रींना वाटतं. या गिअरबॉक्समध्ये तेलाचा दाब तीच ठरवते. तुम्ही पाय जितका दाबाल तितकी केबल ओढली जाते आणि तितका दाब क्लचपट्ट्यांवर चढतो. केबल सैल राहिली तर गाडी मऊ, गोड गिअर टाकते, चालवणारा खूश होतो आणि आत क्लच घसरून जळत असतात. थोड्याशा किलोमीटरांत खेळ खलास. म्हणून तीन गोष्टी बघा. कार्ब्युरेटरवर केबल जिथे अडकते ती पिन थ्रॉटलच्या शाफ्टच्या मध्यापासून साधारण २८ मिलीमीटरवर हवी. जुन्या कार्ब्युरेटरवर ही जागा आयती नसते, त्यासाठीच तो वेगळा ब्रॅकेट. मग इंजिन बंद ठेवून केबलच्या कुलपाचं बटण दाबा, सरकपट्टी थ्रॉटलपासून दूर मागे सारा, बटण सोडा आणि कार्ब्युरेटरचा लिव्हर हाताने पूर्ण उघडा. सरकपट्टी कटकट करत आपोआप आपल्या जागी येते. हे लिव्हरवरच करा आणि नंतर भाच्याला आत बसवून, पेडल तळाला लागल्यावर लिव्हर खरोखर पूर्ण उघडतो का ते पाहा. जुन्या गाडीत गालिचा आणि झिजलेला लिंकेज यांत अर्धा इंच सहज हरवतो. शेवटी दाब मोजण्याच्या भोकाला गेज लावा. थ्रॉटल हलायला लागताक्षणी काटाही हलला पाहिजे. तो उशिरा हलला, तर गाडी गेटबाहेर काढू नका.

लॉकअपची, म्हणजे कन्व्हर्टर जखडणाऱ्या क्लचची, वायरिंग ही इथे चैनीची वस्तू नाही. कन्व्हर्टरमधला हा क्लच जोडला गेला की तेल घुसळणं थांबतं आणि उष्णता एकदम कमी होते. लॉकअप न जोडता ओव्हरड्राइव्हमध्ये समृद्धीवर तासभर चालवलंत, तर मे महिन्यात तेल करपेल. इग्निशनवरचे १२ व्होल्ट फ्यूजमधून घ्या, ब्रेकच्या अशा स्विचमधून न्या जो ब्रेक दाबताच वीज तोडतो, पुढे व्हॅक्यूम स्विचमधून गिअरबॉक्सच्या प्लगला. आतला दाबाचा स्विच चौथ्या गिअरमध्येच विजेचं वर्तुळ पूर्ण करतो. व्हॅक्यूम स्विचमुळे जोरात पाय दिला की लॉकअप सुटतो आणि इंजिनावर धक्का येत नाही.

कूलर. रेडिएटरच्या टाकीतला कूलर तेलाला पाण्याच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही, आणि उन्हाळ्यात आपलं पाणी ९५ अंशांना खेळत असतं. म्हणून रेडिएटरपुढे प्लेटचा वेगळा कूलर लावा. तेल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून, मग परत गिअरबॉक्सात. जुन्या नळ्या धुतल्याशिवाय जोडू नका, पॉवरग्लाइडचा चुरा त्यात बसलेला असतो. परतीच्या नळीवर तापमानाचा गेज लावला तर उत्तम. शंभरच्या आत राहिलं की निश्चिंत, १२० ला टेकलं की गाडी बाजूला घ्या.

गिअरच्या दांडीच्या पट्टीवर पाचच अक्षरं आहेत, नव्या गिअरबॉक्सला सात जागा लागतात. स्टिअरिंग कॉलममधली खाचांची पट्टी बदलावी लागते. मूळची ठेवून द्या, घासू नका. पार्क आणि न्यूट्रलखेरीज स्टार्टर फिरत नाही ना, हे प्रत्येक खाचेत तपासा. स्पीडोमीटर मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहा आणि फरक असेल तर त्याच्या केबलला फिरवणारा छोटा गिअर बदला.

तेल डेक्सरॉन-३ च्या जातीचं किंवा डेक्सरॉन-६. कोरड्या गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टरला मिळून दहा लिटरच्या आसपास लागतं. सुरू करण्याआधी चार-पाच लिटर घाला, इंजिन चालू करून लगेच आणखी घालत राहा, ब्रेक दाबून सगळ्या खाचा हळूहळू फिरवा आणि पार्कमध्ये, इंजिन चालू, तेल गरम असताना तेलाची दांडी पाहा. वाजवीपेक्षा जास्त भरलंत तर फेस येतो, तोही कमी तेलाइतकाच वाईट.

पहिली चाचणी पहाटे वर्धा रोडवर, बुटीबोरीपर्यंत घ्या. हलक्या पायाने पहिला, दुसरा, तिसरा. मग सत्तरच्या पुढे चौथा आणि जरा थांबून लॉकअप. लॉकअपला इंजिनाचे फेरे आणखी थोडे उतरतात, पाचवा गिअर पडल्यासारखं वाटतं. त्यावेळी ब्रेकला नुसता पाय टेकवा, फेरे लगेच वर गेले तर वायरिंग बरोबर. परत आल्यावर शाफ्टचे, माउंटचे आणि कूलरच्या नळ्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पाचशे किलोमीटरनंतर पॅन उतरवून चुंबक बघा: करड्या रंगाची बारीक लुकण चालते, चमकणारे तुकडे किंवा काळं करपलेलं तेल चालत नाही. फिल्टर बदला, पॅनचे बोल्ट १० फूट-पाउंडांना समान आवळा, आणि टीव्ही केबल पुन्हा एकदा तपासा.