ब्रेख्त वाचायचा तर तारखा हाताशी ठेवा

बँकेत एकाच नोंदीला दोन तारखा असतात. व्यवहार पुस्तकात चढवला ती एक, आणि व्याज जिच्यापासून मोजायचं ती व्हॅल्यू डेट दुसरी. दोन्हींत गल्लत झाली की हिशोब बोंबलला. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्तच्या नाटकांना अशा तीन तारखा असतात: गोष्ट घडते तो काळ, नाटक लिहिलं तो काळ आणि पडदा पहिल्यांदा वर गेला तो दिवस. वाचणारे पहिलीवर खूश असतात, परीक्षेची गाइडं तिसरी देतात. मधली कुणी विचारत नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे.

माझी भाची कॉलेजच्या एकांकिका करते. तिच्या ग्रुपमधल्या पोरांना 'एलियनेशन' (प्रेक्षकाला नाटकात वाहून जाऊ न देणं), पाट्या, प्रेक्षकांकडे बघून बोलणं एवढं चोख पाठ आहे. पण हा माणूस कुठल्या गावात, कुणाच्या भीतीनं आणि कुठल्या व्हिसाची वाट बघत लिहीत होता, हे विचारलं की सगळे चहाच्या कपात बघतात. "मावशी, मग सुरुवात कुठून करू?" या तिच्या प्रश्नाचं हे उत्तर.

पद्धत अशी. युरोपच्या इतिहासाचं एक बरं पुस्तक घ्यायचं आणि नाटक लिहिलं गेलं त्या महिन्यापर्यंतच वाचायचं. पुढच्या पानांना रबरबँड लावायचं. मग नाटक. ते संपलं की रबर काढून पुढचा इतिहास, पुढच्या नाटकाच्या महिन्यापर्यंत. आपल्याला हिटलरचा शेवट माहीत असतो, त्यामुळे आपण लेखकापेक्षा शहाणे होऊन नाटक वाचतो. रबरानं तो शहाणपणा जरा आवळला जातो.

आधी वहीचं एक पान आयुष्यासाठी काढा. जन्म १० फेब्रुवारी १८९८, आऊग्सबुर्ग. (आपलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयही त्याच वर्षीचं, म्हणून मला हे साल कधी विसरायला होत नाही.) म्युनिकला वैद्यकीचं शिक्षण अर्धवट, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लष्करी इस्पितळात मदतनिसाचं काम. मग बर्लिन. २७ फेब्रुवारी १९३३च्या रात्री राइशस्टागला, म्हणजे जर्मन संसदेला, आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं देश सोडला. त्यानंतर डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, सोव्हिएत रशिया ओलांडून अमेरिका. १९४७च्या ३० ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये कम्युनिस्टांची झडती घेणाऱ्या चौकशी समितीपुढे साक्ष, ३१ला युरोपकडे प्रयाण. १९४९पासून पूर्व बर्लिनमध्ये स्वतःची नाटकमंडळी, बर्लिनर आन्सांबल. मृत्यू १४ ऑगस्ट १९५६. एवढं पुरे. बाकीचं चरित्र नाटकांबरोबर आपोआप येतं. कुणाला सविस्तर हवं असेल तर स्टीफन पार्करचं २०१४चं चरित्र जाडजूड आणि भरवशाचं आहे. एलिझाबेथ हाउप्टमान, मार्गारेटे श्टेफिन, रूथ बेर्लाऊ ही तीन नावं मात्र पहिल्याच पानावर लिहा. 'ब्रेख्तचं' म्हणून जे आपण वाचतो त्यात या बायकांचं काम बरंच आहे, आणि मुखपृष्ठावर त्या शोधूनही सापडत नाहीत.

इतिहासासाठी इंग्रजी जड जात असेल तर वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' घ्या. ते गोष्टीसारखं वाचून होतं, आणि तारखा भरपूर आहेत. इंग्रजी चालत असेल तर रिचर्ड इव्हान्सचे तीन खंड या पद्धतीसाठीच बांधल्यासारखे आहेत. पहिला १९३३पर्यंत येतो, दुसरा युद्धाच्या तोंडापर्यंत, तिसरा युद्धाचा. १९४५नंतरचं टोनी जड्टच्या 'पोस्टवॉर'मध्ये. एरिक हॉब्सबॉमचं 'एज ऑफ एक्स्ट्रीम्स' मला फार आवडतं, कारण हिटलर चॅन्सेलर झाला तेव्हा तो स्वतः बर्लिनमध्ये शाळकरी पोरगा होता. पण तो कम्युनिस्ट होता आणि जड्ट कम्युनिस्ट राजवटींवर कडक आहे, म्हणून युद्धानंतरच्या भागात दोघांना समोरासमोर बसवा. सगळी पुस्तकं विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. काळा घोड्याला माक्सम्युलर भवनाचं ग्रंथालय आहे, टाऊन हॉलच्या पायऱ्या चढलात की एशियाटिक. फोर्टात नोकरी असली तर जेवणाच्या सुट्टीत दोन्ही जमतात. फ्लोरा फाउंटनच्या किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर नाटकांच्या जुन्या प्रती मिळाल्या तर जॉन विलेट आणि राल्फ मॅनहाइम यांनी संपादित केलेली मेथ्युएनची आवृत्ती आहे का तेवढं बघा. तिच्या शेवटी टिपा असतात: कुठला प्रवेश कधी बदलला, ब्रेख्तनं स्वतः काय लिहून ठेवलं. त्या टिपांशिवाय मधली तारीख सापडत नाही.

एक सोय सांगते. इतिहास घरी, नाटक गाडीत. मुलुंडहून लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकून आठशे पानी खंड उघडून दाखवा, मग बोलू. नाटक पातळ असतं, प्रवेश संपला की स्टेशन येतं.

आता नाटकं. तरुणपणीचं 'ड्रम्स इन द नाइट' भरभर वाचा. युद्धावरून परतलेला सैनिक, बाहेर स्पार्टाकसवाल्या डाव्या क्रांतिकारकांचा उठाव, आणि हा गडी क्रांती सोडून प्रेयसीबरोबर घरी जातो. जानेवारी १९१९चा बर्लिनचा उठाव इतिहासात वाचलेला असला की पुरे.

'थ्रीपेनी ऑपेरा'ला मात्र थांबा. पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९२८, बर्लिन. रबर तिथं लावा आणि मागचं पान बघा: त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं होती, जागा १२. म्हणजे प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला हिटलर हा म्युनिकचा एक ओरडणारा इसम, एवढाच ठाऊक. १९२३ची महागाई, जेव्हा एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजले जात, ती मात्र त्याच्या अंगावरून गेलेली. भिकाऱ्यांना फाटके कपडे आणि खोटी व्यंगं भाड्यानं देणारा पीचम हा दुकानदार त्या माणसाला परका वाटला नसणार. नाटकात मॅकहीथ या दरोडेखोराच्या तोंडी एक वाक्य आहे, त्याचा मतलब असा की बँक काढण्यापुढे बँक लुटणं म्हणजे किरकोळ गोष्ट. बँकेतल्या टेबलावर डबा खाताना हे वाचायला वेगळीच गंमत येते. पण हे वाक्य पहिल्या प्रयोगात नव्हतं. ते आहे १९३१च्या छापील संहितेत, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये जर्मनीतली दानात बँक बुडाली. एका वाक्याची तारीख तीन वर्षं सरकली की त्याच्यावर हसणारा माणूस बदलतो.

यानंतर रबर काढून १९३२च्या जुलैपर्यंत जा. २.६चे ३७ टक्के झालेले दिसतील, बेकार साठ लाखांच्या आसपास. इथं घाई करू नका. ब्रेख्तचं पुढचं सगळं लिखाण या चार वर्षांकडे मान वळवून बघतं.

'गॅलिलिओ' दोनदा वाचावा लागतो, त्याला इलाज नाही. पहिला मसुदा डेन्मार्कमध्ये, नोव्हेंबर १९३८. म्युनिकचा करार नुकताच झालेला, त्याच महिन्यात जर्मनीभर ज्यूंची दुकानं फुटलेली. त्या मसुद्यातला गॅलिलिओ चतुर आहे: धर्मसत्तेपुढे माघार घेतो आणि लपून ग्रंथ पुरा करतो. हद्दपार लेखकाला असा म्हातारा जवळचा वाटला तर नवल नाही. मग ६ ऑगस्ट १९४५, हिरोशिमा. अमेरिकेत चार्ल्स लॉटन या नटाबरोबर ब्रेख्त तेव्हा नाटक नव्यानं करतच होता, आणि त्यात शेवटाकडे गॅलिलिओ स्वतःलाच आरोपी करतो: शास्त्रज्ञानं ज्ञान सत्तेच्या हवाली केलं, हा गुन्हा. तुम्ही विकत घेतलेली प्रत बहुधा नंतरची असणार. टिपांमधून पहिला शेवट काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मोठ्यानं वाचलंत तर आणखी बरं.

'मदर करेज' लिहिलं १९३९च्या शरदात, स्वीडनमध्ये. पोलंडवर हल्ला १ सप्टेंबरचा, म्हणजे शाई आणि युद्ध दोन्ही ओली. गोष्ट मात्र तीस वर्षांच्या युद्धाची, १६२४ ते १६३६. त्या युद्धावर सी. व्ही. वेजवुडचं १९३८चं पुस्तक आहे. सगळं नको, स्वीडनचा राजा गुस्ताव अडोल्फ मरतो तिथपर्यंत चाळा. मग तिसऱ्या प्रवेशावर या. करेज ही फौजेच्या मागं गाडा ओढत माल विकणारी बाई. धाकटा मुलगा पकडला गेलाय, सोडवायला दोनशे मागताहेत. गाडा गहाण टाकून दोनशे उभे राहू शकतात. पण मग पोट कशावर भरायचं? म्हणून ती एकशेवीसवर अडते. निरोप्या जातो, येतो. ती परत हिशोब करते. शेवटी दोनशे देते म्हणते, तोवर ढोल वाजतात. घासाघीस फार वेळ केली, असं तिला वाटतं. मग प्रेत ओळख पटवायला आणतात आणि तिला मान हलवून 'नाही' म्हणावं लागतं. हा प्रवेश मी कर्जवसुलीच्या खात्यात असताना वाचला आणि त्या दिवशी फोनवर माझा आवाज जरा खाली होता, एवढंच सांगते. तिचं चुकलं काय, हे ठरवायला बसलात की ब्रेख्तच्या सापळ्यात सापडलात. झुरिकला १९४१मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा लोक आईच्या दुःखानं विरघळले. त्याला ते पटलं नाही. त्यानं काही जागा बदलून तिला आणखी व्यवहारी केलं. १९४९ला बर्लिनमध्ये, ढिगाऱ्यांच्या शहरात, त्याची नटी बायको हेलेने वायगेलनं ती उभी केली, तरी लोक रडलेच.

पद्धतीचं खरं चीज होतं 'आर्तुरो उई'ला. मार्च १९४१, हेलसिंकी. ब्रेख्त अमेरिकेच्या व्हिसासाठी अडकून पडलाय. रबर इथं लावा आणि नकाशा बघा: पोलंड, डेन्मार्क, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स हिटलरच्या हातात, रशियाशी त्याचा करार शाबूत, अमेरिका युद्धात नाही. आणि हा माणूस हिटलरचा शिकागोतला भाजीबाजार लुबाडणारा गुंड करतो आणि शीर्षकातच सांगतो की त्याचा उदय रोखता आला असता. शेवट माहीत असताना ही बढाई वाटेल. नकाशासमोर बसून वाचलंत तर अंगावर काटा येतो. वहीत जोड्या लावा: डॉग्जबरो म्हणजे हिंडेनबुर्ग, गिरी म्हणजे गोअरिंग, गिवोला म्हणजे गोबेल्स, रोमा म्हणजे हिटलरचाच साथीदार, ३० जून १९३४च्या कत्तलीत संपलेला र्‍योम, डलफीट म्हणजे ऑस्ट्रियाचा डोलफुस, आणि गोदामाची आग म्हणजे राइशस्टाग. नाटकवाल्यांनी तो प्रवेश खास बघावा, जिथं एक म्हातारा, उतरती कळा लागलेला नट उईला चालायला, हात बांधून उभं राहायला आणि 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण म्हणायला शिकवतो. हसू येत असतानाच प्रवेशाच्या शेवटी उई ऐटीत बोलू लागतो. मग रबर काढा. ब्रेख्तचं जहाज १३ जूनला व्लादिव्होस्टॉकहून सुटलं, २२ जूनला हिटलर रशियात घुसला. श्टेफिन मॉस्कोतच क्षयानं गेली होती. नाटक रंगमंचावर आलं १९५८ला, लेखक नसताना.

एक पथ्य: पहिल्या वाचनात आजचं राजकारण आत आणू नका. प्रत्येक उईला इथलं नाव चिकटवायची खुमखुमी असते, आणि एकदा चिकटवलं की १९४१ दिसत नाही. दुसऱ्या वाचनात काय ते करा.

मराठी रूपांतरं कधी वाचावीत? माझं मत, मूळ नाटकाच्या आधी. पु. लं.चं 'तीन पैशाचा तमाशा', खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा', व्यंकटेश माडगूळकरांचं 'देवाजीने करुणा केली'. ब्रेख्त म्हणजे कोरडा मास्तर हा समज यांनीच जातो. फक्त तारखांच्या कामाला ती वापरू नका, त्यांचा काळ निराळा. 'अजब न्याय'चं मूळ म्हणजे 'कॉकेशियन चॉक सर्कल', त्यात सुरुवातीला जॉर्जियातल्या दोन सामुदायिक शेतांचं भांडण आहे: नाझी फौजा हटल्यावर खोरं कुणाचं? नाटक लिहिलं १९४४ला, अमेरिकेत, युद्ध चालू असताना. प्रयोगात हा भाग गाळण्याकडे बऱ्याच दिग्दर्शकांचा कल असतो. वाचताना गाळू नका, खडूच्या वर्तुळाची सगळी गोष्ट त्या खोऱ्यासाठी सांगितली जाते.

अखेरीला एक कविता, नाटक नाही. १७ जून १९५३ला पूर्व बर्लिनचे कामगार रस्त्यावर आले, रशियन रणगाड्यांनी त्यांना दडपलं. ब्रेख्तनं पक्षप्रमुख उल्ब्रिष्टला पत्र लिहिलं, पक्षाच्या पेपरनं त्यातलं फक्त पाठिंब्याचं शेवटचं वाक्य छापलं. त्यानं मग 'तोडगा' नावाची कविता लिहिली: जनतेनं सरकारचा विश्वास गमावला असेल, तर सरकारनं जनताच बरखास्त करून दुसरी निवडून घ्यावी, हे सोपं नाही का? त्याच्या हयातीत ती छापली गेली नाही. दीड वर्षानं त्याला स्टालिन शांतता पुरस्कार जाहीर झाला आणि तो घ्यायला तो मॉस्कोला गेलाही. जड्टमधलं १९५३चं प्रकरण आधी, मग कविता, मग पुरस्कार, याच क्रमानं घ्या. आणि वाचन चौघांत मिळून केलंत तर एकाला भूमिका देऊ नका. त्यानं कानिटकर किंवा इव्हान्स मांडीवर घेऊन बसायचं आणि कुणी "पण तेव्हा तर..." म्हणालं की तारीख सांगायची.