डाय मेंटेनन्सला कुठली टूल्स घ्यायची

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात नवीन प्रेस शॉप, म्हणजे प्रेसवर पत्रा कापायचं वर्कशॉप, टाकणारी पोरं पहिल्यांदा हेच विचारतात, ग्राइंडर कुठला घेऊ. अरे थांब की जरा, ग्राइंडिंग बाहेरून करून मिळतं, आधी डाय, म्हणजे प्रेसमधला पत्रा कापायचा साचा, न बिघडवता खोलायचं सामान घे.

एलन कीपासूनच सुरू करा, ३ ते १४ एमएम चांगल्या कंपनीचा सेट. मी नवीन असताना झिजलेली की लावून जोर केला, स्क्रूचं डोकं आतून गोल झालं, मग ड्रिल मारून काढला आणि अर्धी शिफ्ट गेली. टोक झिजलं की तेवढं सरळ घासून टाका, पाण्यात थंड करत करत, नाहीतर की मऊ पडते. स्क्रू बदलायचा तर १२.९ ग्रेडचाच, हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही नको.

हातोडा तांब्याचा नाहीतर नायलॉनचा. डी-टू या टूल स्टीलचा पंच (वरून पत्रा कापणारा भाग) साधारण ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप) कडक असतो, लोखंडी हातोडा बसला की धारेचा तुकडा उडतो आणि तो डोळ्यातसुद्धा जाऊ शकतो, म्हणून गॉगल घालाच. डॉवेलचं (डायचे भाग जागेवर धरणाऱ्या पिनचं) भोक आरपार असेल तर त्याहून थोडा बारीक ड्रिफ्ट (ठोकून पिन बाहेर काढायचा दांडा) पुरतो, बंद भोकात मात्र आतून आटे असलेला डॉवेल टाका आणि स्लाइड हॅमरचा पुलर ठेवा, पकडीनं ओढायला गेलात तर भोकाची वाट लागते.

आता मोजमाप, इथं पैसे वाचवू नका. मायक्रोमीटर, ०.०१ एमएमचा डायल, १०एक्स लूप (भिंग) आणि ०.०३ एमएमपासून पाती असलेला, फट मोजायचा फीलर गेज. १ एमएम माइल्ड स्टीलच्या पत्र्याला क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) एका बाजूला जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के धरतात, म्हणजे ०.०५ ते ०.१ एमएम, मग जाड पात्यांच्या गेजनं काय बघणार? बर (कापलेल्या काठावर उरणारी खरबरीत कड) मोजायचा तर मायक्रोमीटरनं बर धरून जाडी घ्या, त्यातनं पत्र्याची वजा करा. बर पत्र्याच्या जाडीच्या १० टक्क्यांच्या जवळ आला की डाय धारेला काढायची, ड्रॉइंगवर त्याहून कमी लिहिलं असेल तर ते धरायचं. आणि बर एकाच बाजूला येत असेल तर धार लावायची घाई नको, आधी गाईड पिलर-बुशचा (डायचे वरचे-खालचे भाग सरळ रेषेत ठेवणारे खांब आणि त्यांच्या नळ्या) लूजपणा आणि पंच मध्यात आहे का ते डायलनं बघा, नाहीतर चांगलं मटेरियल फुकट घासून टाकता आणि बर चार दिवसांत परत तिथंच.

ग्राइंडिंग बाहेर देताना सांगा, पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ४६ ग्रिटचं व्हील, शेवटचे कट ०.०१ किंवा त्याहून कमी, कूलंट चालू. निळा डाग दिसला तर डाय जळली समजा. परत आली की फाइन ऑइल स्टोन हलक्या हातानं फिरवून ग्राइंडिंगचा बारीक बर काढा, एमरी पेपर हातानं मारला की धार गोल होते. कार्बाइडला डायमंड फाइल लागते. डिमॅग्नेटायझर जरूर घ्या, ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवरून (चुंबकानं पकडणाऱ्या टेबलावरून) आलेल्या पंचाला चुंबकत्व राहतं, चिप्स चिकटतात आणि पुढच्या स्ट्रोकला तेच खड्डे पाडतात. जेवढं घासलं तेवढी स्टीलची शिम (पातळ पट्टी) खाली, कागद पुठ्ठा नको.

स्प्रिंग रंग बघून आणा, आयएसओच्या हिरव्या हलक्या, निळ्या मध्यम, लाल जड, पिवळ्या सगळ्यात जड, एक तुटली तरी सेटच बदला. साफ करायला पितळी ब्रश. हवेची नळी थेट गाईड बुशवर मारू नका, घाण आत जाते.

प्रेसखाली हात घालायच्या आधी मेन स्विच बंद आणि सेफ्टी ब्लॉक रॅमखाली (प्रेसच्या वरखाली होणाऱ्या भागाखाली), यात सूट नाही.

जून ते सप्टेंबर आपल्याकडं हवा इतकी ओली की रात्रभर उघडी डाय सकाळी तांबडी दिसते, म्हणून रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल आणि झाकायला प्लास्टिक. रॅकवरच्या टॅगवर किती स्ट्रोक झाले, किती घासलं ते लिहा, मराठी आणि कन्नड दोन्हीत, रात्रपाळीचा माणूस कुणीही असो त्याला वाचता आलं पाहिजे.